वाघ्याचा हिशेब

घरात एखादा प्राणी पाळावा, त्याने मुलांवर चांगले संस्कार होतात, असं हल्ली डॉक्टरही सांगू लागले आहेत. पूर्वीचे डॉक्टर लाल औषधाची बाटली देत, आताचे कुत्र्याचं पिल्लू लिहून देतात. फायद्यांची यादीच तयार असते. पहिला फायदा, मुलांना जबाबदारी कळते. दुसरा, मुलं प्रेमळ होतात. तिसरा, एकलकोंडं मूल बोलकं होतं. चौथा, घरातल्या वडीलमाणसांचा रक्तदाब उतरतो. (पिल्लाने नव्या कोचाचा पाय कुरतडला की तो पुन्हा चढतो, पण ते यादीत नसतं.)

मी मूळचा जुन्नरकडचा. नोकरीने पुणेकर झालो, तरी ओतूरजवळच्या वाडीतलं आमचं घर अजून उभं आहे आणि चुलतभाऊ, वहिनी, त्यांची मुलं-नातवंडं तिथे राहतात. ही फायद्यांची यादी मी एकदा वहिनींना वाचून दाखवली. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "अवो भावजी, फायद्यासाठी ठेवायचं तर कोंबडी ठेवावी. अंडी तरी देती."

या उत्तरात जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचा सगळा इतिहास आला. आमच्याकडे ‘पाळीव प्राणी’ हा शब्द पाठ्यपुस्तकात असतो. घरात असतं ते जित्राब. ते कोणी ‘पाळायचं’ ठरवून आणत नाही. घराला जसा ओटा असतो तसं ते असतंच. माणूस आणि जनावर यांच्या या एकत्र संसाराला आमच्याकडे दोन हजार वर्षं तरी झाली, आणि मौज अशी की त्याचा लेखी जमाखर्चही मिळतो. मी तो थोडा चाळून पाहिला. त्यात एक खातं मात्र पहिल्यापासून कोरं आहे. त्याविषयीच लिहायचं आहे.

जमाखर्चाचं पहिलं पान नाणेघाटात आहे. जुन्नरहून कोकणात उतरण्याचा हा जुना व्यापारी रस्ता. घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. सहलीला आलेली मुलं त्यात डोकावतात आणि आत पैसे नाहीत हे पाहून हिरमुसतात. जवळच एक कोरीव लेणं आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा मोठा ब्राह्मी लेख आहे. राजाराणीने कोणकोणते यज्ञ केले आणि प्रत्येक यज्ञाला काय दक्षिणा दिली, याची ती यादी. गाई, घोडे, हत्ती, नाणी, गावं, वस्त्रं. गाई तर शेकड्यांनी आणि हजारांनी. गणिताच्या इतिहासात या लेखाला मोठा मान आहे, कारण आपल्या आकड्यांची फार जुनी रूपं इथे सापडतात. आणि यातले कितीतरी आकडे गाईगुरांपुढे मांडलेले आहेत. माझ्या शाळेतल्या गणिताच्या गुरुजींना ही गोष्ट कळली असती, तर "तू गुरं राखायला जा" हे वाक्य त्यांनी मला शिवी म्हणून वापरलं नसतं.

त्याच लेण्यात राजघराण्याच्या मूर्तीही होत्या. मूर्ती केव्हाच गेल्या, पण भिंतीवर त्यांच्या डोक्यांवरची नावं राहिली आहेत. राजा सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका आणि त्यांच्या बरोबरीने कुमार भाय, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. म्हणजे एका परीने हा घरच्यांचा ग्रुप फोटोच. एका भिंतीवर मुलंबाळं, बाजूच्या भिंतींवर दान दिलेली जनावरं.

या कुमारांचा विचार माझ्या मनातून जात नाही. पुरोहित गाई हाकत चालले असतील, त्या कळपात एखादी पांढऱ्या कपाळाची कालवड असेल, आणि तीन कुमारांपैकी एखादा खांबामागे उभा राहून डोळे पुसत असेल. राजघराण्यात झालं तरी मूल ते मूलच. पण हे लेखात नाही. गाय गेली हे भिंतीवर आलं. गाईबरोबर पोराचं काय गेलं, त्याला ब्राह्मीत आकडा नव्हता. अजूनही नाही.

देवाच्या घरीही वेगळी तऱ्हा नाही. जुन्नरला खेटून लेण्याद्रीचा गिरिजात्मज आहे. पार्वतीने इथे तप केलं आणि तिला गणेश पुत्र म्हणून मिळाला, अशी कथा आहे. म्हणजे अष्टविनायकांतला हा खास आईचा मुलगा. आता या कुटुंबाकडे पाहा. वडिलांचा बैल, गळ्यात साप. आईचा सिंह. थोरल्या भावाचा मोर. धाकट्याचा उंदीर. साप उंदराला टपलेला, मोर सापाला टपलेला, सिंह बैलाकडे बघतो आहे. तरी हा संसार चालला आहे. आमच्या पुण्याच्या सोसायटीत दोन बिऱ्हाडांची दोन मांजरं सुखाने नांदत नाहीत आणि त्यावरून वार्षिक सभेत ठराव येतात. लेण्याद्रीच्या पायऱ्या तीनशेच्या वर आहेत. चढताना दम लागतो तेव्हा मी थांबून याच गोष्टीचा विचार करतो. थांबायला काहीतरी सात्त्विक कारण हवं.

यानंतर जमाखर्चात एक परदेशी नोंद येते, आणि ती मला सगळ्यांत आवडते. पंधराव्या शतकात, १४७० च्या आसपास, अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी त्वेर गावाहून निघाला. व्होल्गा नदीवर लुटला गेला. तरी घरी न परतता इराणमार्गे होर्मुझला आला. तिथे जहाजावर चढून चौलच्या बंदरात उतरला आणि घाट चढून भर पावसाळ्यात जुन्नरला पोचला. बरोबर एकच चीज होती. एक घोडा. हिंदुस्थानात घोड्यांना सोन्याचा भाव येतो असं त्याला कोणी सांगितलं होतं. जुन्नरपर्यंत तो घोडा आणायला शंभर रुबल खर्च झाले, असं त्याने आपल्या प्रवासवर्णनात टिपून ठेवलं आहे. व्यापारी तो व्यापारी.

जुन्नरला तेव्हा बहमनी राज्याचा असदखान नावाचा सरदार होता. निकितिन लिहितो की या खानाकडे हत्ती होते, चांगले चांगले घोडे होते, पण खानसाहेब स्वतः फिरत ते माणसांच्या खांद्यावर बसून. जनावरांचे लाड आणि माणसांवर ओझं, हा प्रकार आपल्याला नवा नाही. पण तो जुन्नरला इतका जुना आहे हे वाचून मलाही जरा बरं वाटलं.

पाऊस काही थांबेना. चार महिने पाणी आणि चिखल, असं त्याने लिहिलं आहे. घाटमाथ्याच्या पावसाविषयी रशियन माणसानेही कुरकुर करावी, हे आम्ही प्रशस्तिपत्रच समजतो. या काळात त्याने इथली माणसं घोड्यांना काय खाऊ घालतात ते पाहिलं. हरभरे तर होतेच, शिवाय साखर-लोणी घालून खिचडी शिजवत आणि ती घोड्यांना भरवत. सकाळची न्याहारी वेगळी. या मुलखात घोडे पैदा होत नाहीत, बैल आणि म्हशी होतात आणि लोक त्यांच्यावरच बसतात, ओझी लादतात, असंही तो सांगतो. म्हणजे घोडा हा पाहुणा, बैल घरचा. म्हणून पाहुण्याला गोड खिचडी आणि घरच्याला कडबा. आपल्याकडची जावयाची आणि मुलाची गोष्टही याहून निराळी नाही.

मग व्हायचं ते झालं. हा परका माणूस मुसलमान नाही, हे खानाला कळलं. त्याने घोडा जप्त केला आणि निरोप धाडला: धर्म बदल, तर घोडा देतो आणि वर हजार मोहरा देतो. नाहीतर घोडाही गेला आणि दंड म्हणून हजार मोहरा तूच दे. मुदत चार दिवसांची. आता क्षणभर त्या माणसाच्या जागी जा. आपलं गाव हजारो कोसांवर. भाषा परकी. बाहेर पाऊस. आणि नदी, समुद्र, घाट ओलांडताना ज्याच्या श्वासाचा आवाज ऐकत झोपायचं, ते एकमेव ओळखीचं जनावर खानाच्या पागेत. पुढे खुरासानचा एक खोजा महंमद ऐन वेळी भेटला, त्याने खानाकडे शब्द टाकला, आणि निकितिनला घोडाही परत मिळाला व धर्मही राहिला. हा आपल्यावर झालेला चमत्कारच, असं त्याला वाटलं.

घोडा त्याने पुढे बीदरला विकला. तोवर तो पोसायला किती नाणी पडली, तेही लिहून ठेवलं. त्या दिवशी संध्याकाळी त्याला जेवण गेलं की नाही, ते मात्र लिहिलं नाही. १९५७ साली या निकितिनवर ‘परदेसी’ नावाचा भारत-रशियाचा एकत्र चित्रपट निघाला. ख्वाजा अहमद अब्बास त्याच्या दिग्दर्शकांत होते आणि त्यात नर्गिस होती. नर्गिस असल्यावर घोड्याकडे कोण बघतो? पण मला विचाराल तर या कथेची खरी नायिका ती खिचडी खाणारी स्वारीच होती. लिंगाचा तपशील सोडून द्या.

कुत्र्याला सरकारदरबारी मान मिळायला मात्र बराच काळ जावा लागला. शिवनेरीवर १६३० साली शिवाजीमहाराज जन्मले. त्यांचे नातू शाहूमहाराज. हे साताऱ्याचे, पण मूळ आमच्याच किल्ल्यावरचं, म्हणून त्यांच्यावर थोडा हक्क सांगतो. शिकारीत वाघ अंगावर आला असता त्यांच्या कुत्र्याने त्यांचा जीव वाचवला. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिलं आहे की, महाराजांनी त्या कुत्र्याला जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला. भर दरबारात त्याला जरीचे कपडे घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, असंही तो सांगतो. लोक त्या कुत्र्याला खंड्या म्हणतात आणि संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. इंग्रज इतिहासकाराला हा लहरीपणा वाटला. मला वाटतं, जनावराने आपल्यासाठी जे केलं ते कुठल्या खात्यावर घालायचं, हे त्या राजाला कळेना. म्हणून त्याने हाताशी होती ती सगळी खाती उघडली: जमीन, पालखी, पगडी.

आमच्या घरी जहागीर नव्हती, बैल होते. बेल्ह्याचा सोमवारचा बैलबाजार आमच्या भागात नामांकित. माझ्या लहानपणी आजोबांनी एक म्हातारा बैल तिथे नेऊन विकला. पहाटे त्याला दावणीतून सोडला तेव्हा आजीने त्याच्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि भाकरीचा घास दिला. मी आणि चुलतभाऊ गोठ्याच्या माळ्यावर चढून बसलो होतो आणि हाका मारल्या तरी उतरलो नाही. संध्याकाळी आजोबा नोटा मोजत आले. आजीने चूल पेटवली नव्हती. कोणी काही बोललं नाही. आजोबांनी नोटा देवापाशी ठेवल्या आणि हातपाय धुऊन तसेच झोपले. त्यांच्या वहीत त्या दिवशीची रक्कम आहे, पावतीसुद्धा चिकटवलेली आहे. न पेटलेल्या चुलीची नोंद नाही.

मुलांना जबाबदारी कळते, प्रेम कळतं, हे यादीत असतं. माणसं आपल्या लाडक्या जीवालाही बाजारात नेतात, आणि नेणारा माणूस वाईट नसतो, हेही मुलाला जनावरामुळेच पहिल्यांदा कळतं. हा फायदा म्हणायचा का, ते ज्याने त्याने ठरवावं. पण शाळेत तो शिकवत नाहीत.

पुढे ट्रॅक्टर आला. नांगराचं काम गेलं, मोटेचं तर त्याआधीच गेलं होतं. हिशेबाने पाहता बैल आता घरातून जायला हवा होता. तो गेला नाही, निदान सगळीकडून गेला नाही. आमच्या जुन्नर-आंबेगावात तो बैलगाड्यासाठी राहिला. गावाच्या जत्रेत घाटावर बैलगाडा पळतो, पुढे घोडी धावते, "भिर्रर्र" असा आरडाओरडा होतो आणि काही सेकंदांत बारी संपते. या काही सेकंदांसाठी माणसं वर्षभर बैलाला दूध पाजतात, खुराक देतात, अंग चोळतात. घरातली पोरं त्याच्या पोटाखालून पळतात आणि तो पाय हलवत नाही. शहरातल्या माणसाने पामेरियन ठेवावा तसाच हा प्रकार, फक्त वजन काही शे किलो. ज्याचा कामाला उपयोग संपला आणि तरी जो घरात राहिला, त्यालाच तर पुस्तकात पाळीव प्राणी म्हणतात.

पण लळा आहे म्हणून मार बसत नाही, असं मानण्याइतका मी भाबडा नाही. शेपटी पिरगाळणं, टोचणं, विजेचा झटका देणं, हे शर्यतींत घडत होतं, आणि त्यावरूनच प्रकरण कोर्टात गेलं. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये शर्यतींना मनाई केली. २०१७ साली राज्याने कायदा केला, तरी शर्यती अडकलेल्याच राहिल्या. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने हा कायदा वैध ठरवला. या सात-आठ वर्षांत आमच्याकडच्या कित्येक घरांत बैल नुसते उभे होते. शर्यत नाही, नांगर नाही. एका गाडामालकाला मी विचारलं, "मग ठेवता कशाला?" तो माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू मी त्याला विचारलं होतं, की म्हातारे वडील घरात ठेवता कशाला.

आता जमाखर्चाचं शेवटचं पान. ते अजून लिहून व्हायचं आहे आणि त्यावर हसू येत नाही.

आमच्या भागात कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातलं डिंभे. पाणी आलं, कालवे आले, साखर कारखाने आले, आणि जिथे बाजरी होत होती तिथे बारा महिने ऊस उभा राहू लागला. माणसाला ऊस गोड लागतो, बिबट्याला दाट. लपायला जागा, प्यायला पाणी, आणि बांधावरच्या वस्तीवर हिंडणारी कुत्री. बिबट्याची मादी उसातच पिल्लं घालू लागली. आज आमच्याकडचं पोर बिबट्याविषयी ‘जंगलातला प्राणी’ असा निबंध लिहू शकत नाही. तो उसातला प्राणी आहे. आणि आमचे लोक त्याला बिबट्या म्हणत नाहीत, वाघच म्हणतात.

शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या जेवणाचा हिशेब काढला. २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. त्याच्या खाण्यातला ८७ टक्के भाग माणसांजवळच्या जनावरांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा ११ टक्केच. कारण शेळी रात्री आत कोंडतात आणि कुत्रा बाहेर असतो. राखणीला.

आमच्या घरच्या कुत्र्याचं नाव वाघ्या. आधीच्याचंही वाघ्या. त्याआधीच्याचंही. वहिनी नावं बदलत नाहीत. "वाघ्याला वाघानं नेला" हे वाक्य मी त्यांच्याकडून फोनवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. मागाहून कळलं, तो संध्याकाळी साडेसात वाजता ओट्यावरून गेला. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, त्या वक्ताला त्या जागेवर रोज पोरगं आभ्यासाला बसतं. त्या दिवशी जेवाया आत आलं हुतं."

आता याला काय म्हणायचं? कुत्र्याने पोर वाचवलं, की कुत्र्यामुळेच वाघ दारापर्यंत आला? दोन्ही खरं आहे. जाणकार सांगतात की वस्तीभोवती उकिरडा आणि मोकाट कुत्री वाढली की बिबट्या येतो. जनावरं रात्री बंदिस्त गोठ्यात ठेवा, अंगणात दिवा लावा, मुलांना अंधारात एकटं सोडू नका. सगळं बरोबर आहे आणि आमच्याकडे आता बरेच लोक ते करतात. पकडलेले बिबटे जुन्नरजवळच्या माणिकडोहला निवारा केंद्रात ठेवलेले असतात. तिथे वनखातं आणि एक प्राणिमित्र संस्था मिळून त्यांना वेळेवर खायला घालतात, औषधपाणी करतात. तालुक्यातला सगळ्यांत मोठा गोठा आता वाघांचा आहे. पण उसातले संपत नाहीत. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आमच्याच वनविभागातल्या शिरूर तालुक्याच्या पिंपरखेड-जांबूत भागात, तीन आठवड्यांत तीन माणसं बिबट्याने मारली. त्यांत दोन मुलं होती. त्यानंतर तिथली माणसं गळ्यात काटेरी पट्टे घालून शेतात जाऊ लागली. फोटो छापून आले होते. धनगर आपल्या कळपाच्या कुत्र्याच्या गळ्यात घालतात, तसलेच पट्टे. वाघ मान धरतो, म्हणून.

तो फोटो मी बराच वेळ पाहत होतो. शाहूमहाराजांनी आपली पगडी कुत्र्याच्या डोक्यावर ठेवली, त्याला तीनशे वर्षं होत आली. आता कुत्र्याचा पट्टा माणसाच्या गळ्यात आला आहे.

परदेशातले शास्त्रज्ञ या विषयात पुष्कळ पुढे आहेत. न्यूयॉर्कच्या बोरिस लेविन्सन नावाच्या मानसतज्ज्ञाकडे एक अबोल मूल वेळेआधी आलं आणि डॉक्टरांऐवजी त्यांच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याशीच त्याची गट्टी जमली. त्यावरून १९६२ साली त्यांनी लेख लिहिला, आणि कुत्रा हा डॉक्टरांचा मदतनीस झाला. स्वीडनमध्ये लाखो मुलांच्या नोंदी तपासून २०१५ साली असं दिसलं, की जन्माच्या पहिल्या वर्षात घरी कुत्रा असलेल्या मुलांत शाळेच्या वयात दम्याचं प्रमाण तेरा टक्क्यांनी कमी होतं, आणि गुराढोरांत वाढलेल्या मुलांत तर जवळजवळ निम्मं. हे वहिनींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आमच्याकडं दम्याची पोरं कशी न्हाईत म्हंता?" आणि शेण भरायला उठून गेल्या. मी त्यांना नव्या वाघ्याला रेबीजची लस टोचून घ्यायची आठवण केली, तेवढंच माझं शास्त्रीय योगदान. ती त्यांनी आधीच टोचून घेतली होती.

तो जुना वाघ्या गेल्यावर त्यांचा नातू, वय वर्षं सात, दोन दिवस नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवसापासून त्याने एक काम स्वतःहून अंगावर घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. दिवस मावळायच्या आधी तो गोठ्याच्या दाराशी उभा राहतो आणि जनावरं आत घेतो. मागच्या दिवाळीत गेलो तेव्हा मी ओट्यावर उभा राहून ते पाहिलं. पत्र्याचं दार अर्धं ओढलेलं. आत बल्ब. कालव्यापलीकडे ऊस काळा पडत चाललेला. शेळ्या एकेक करून आत जात होत्या आणि तो प्रत्येकीच्या पाठीवर थाप मारत मोजत होता. मी सवयीने कान देऊन आकडे ऐकू लागलो. आकडे नव्हतेच.

"चांदी. तांबडी. लंगडी. तिचं करडू. दुसरं करडू. मैना. बाळ्या…"

शेवटी तो थांबला. नव्या पिल्लाला काखेत उचलून म्हणाला, "आन् वाघ्या." मग आत गेला आणि आतून कडी घातली.